माझी गाडी सावलीत

४ मार्च, मंगळवार

आज गाडी सावलीत लावली.

माझ्या घरासमोर पेकनचं एकच झाड आहे. नीट कडेला लावल्या तर त्याच्या सावलीत दोन गाड्या मावतात, पण कॉय त्याचा ट्रक मधोमध लावायचा. त्याचं म्हणणं, ट्रकमध्ये माझं स्टील गिटार असतं, उन्हाने त्याच्या तारा उतरतात, तुझ्या गाडीत काय असतं, चिप्सच्या रिकाम्या पिशव्या. खोटं नव्हतं ते. पण त्यापायी मी नऊ उन्हाळे तापलेल्या सीटवर बसले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

कॉय स्टॅम्पर फेब्रुवारीत घर सोडून गेला. आमच्या कंट्री गाण्यांचा रिवाज असा, की जाणाऱ्याने कुत्रा न्यायचा. आमच्याकडे कुत्रा नव्हता, म्हणून त्याने कॉफीचं यंत्र नेलं. मी रडले नाही. एकदा रडले, पण ते कॉफीसाठी.

सकाळी अकराला मिस ओपल आल्या. इथे नॅशव्हिलमध्ये गाणी अकरा वाजता लिहितात, आधी वेळ ठरवून, दात काढायला जातात तशी. मिस ओपल ग्रूम्स एकसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांची दोन गाणी एके काळी सगळ्या देशाने गायली, आणि ती त्यांची आहेत हे कुणालाच माहीत नाही. त्यांना त्याचं काही वाटत नाही, किंवा वाटलं तर त्या सांगत नाहीत.

"आज कशावर लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"कशावरही. कॉयवर नाही."

"कॉयचं नाव कुणी काढलं? मी तर बाहेर तुझी गाडी बघितली. आज सावलीत कशी?"

"जागा रिकामी होती, म्हणून."

मिस ओपल हातातला कप ठेवून पेन शोधायला लागल्या. "पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

जेवायच्या आत गाणं झालं.

अंगणात एकच झाड, त्याची एकच सावली,
नऊ उन्हाळे तिथं तू तुझी गाडी लावली.
माझी गाडी सावलीत आता, माझी गाडी सावलीत,
तू कुठल्या उन्हात असशील, नाही मी त्या काळजीत.

दुसऱ्या कडव्यात एक ओळ माझ्या तोंडून अशीच निघून गेली:

लावते जरा कडेला, जुनी खोड काही जाईना,
शेजारी जागा राहते, कोणी तिथं येईना.

नंतर मीच म्हटलं, ही काढून टाकू या. गाणं जिंकलेल्या बाईचं आहे, तिने कडेला कशाला लावायची? खरं म्हणजे माझी गाडी तशी उभी होती म्हणून ते सुचलं. मधोमध लावायची सवय नाही, दुसरं काय.

"यमक जुळतंय ना?" मिस ओपल म्हणाल्या. "मग राहू दे."

राहू दिलं. गाणं छान झालंय. या गाण्यातली बाई मला आवडते. तिला कुणाची गरज नाही.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी बारमध्ये पर्यटकांपुढे गायले. आपलं गाणं मुद्दाम गायले नाही, जपून ठेवलंय. आईचा केंटकीहून फोन आला. तिने विचारलं, जेवतेस ना नीट. म्हटलं, आई, मी मजेत आहे, गाडीसुद्धा सावलीत लावते. ती म्हणाली, बरं, आणि जेवणाचं पुन्हा विचारलं.

१९ मार्च, बुधवार

वेंडलला गाणं ऐकवलं. वेंडल पाइकची रेकॉर्ड कंपनी लहान आहे. एका जुन्या घराचा तळमजला, पुढच्या खोलीत टेबल, मागे स्टुडिओ. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "हे कुणाला द्यायचं नाही. तू गा. तुझ्या नावावर."

सोळा वर्षं मी या गावात नमुन्याच्या टेप गाते. लिहिणारे गाणं लिहितात, मी ते साधं गाऊन देते, मोठा गायक ते ऐकतो, आवडलं तर स्वतःच्या आवाजात म्हणतो आणि माझा आवाज पुसून टाकतात. किती वेळा किराणा दुकानात रांगेत उभी असताना वरच्या स्पीकरमधून माझीच हरकत दुसऱ्या बाईच्या गळ्यातून ऐकली आहे. एकदा पैसे घेणाऱ्या मुलीला म्हटलंही, हे वळण माझं आहे. ती म्हणाली, हो का, पिशवी हवी?

वेंडलने स्पष्टच सांगितलं. "एकच गाणं काढतो, रोनेल. चाललं तर अल्बम करू. नाही चाललं, तर माझ्याकडे दुसऱ्यांदा द्यायला काही नाही." सदतिसाव्या वर्षी या गावात बाईला पहिली संधी मिळत नाही, आणि शेवटचीही मिळत नाही. मला दोन्ही एकदम मिळाल्या. हे गाणं चालायलाच हवं.

मग वाजवणारे ठरवायला बसलो. ड्रमवर टायनी, बेसवर ल्यूथर, हे लगेच ठरलं.

"स्टील गिटारवर कोण?" वेंडलने विचारलं.

"कॉय."

त्याने चष्मा काढला. "गावात आणखी चार जण आहेत."

"आहेत ना. पण सगळ्यांत चांगला कॉय आहे, आणि हे तुलाही माहीत आहे. हे माझं काम आहे, वेंडल. मी कामात घरच्या गोष्टी आणत नाही."

"गाणं घरच्या गोष्टीवरच आहे."

"गाणं गाडीवर आहे," मी म्हटलं.

मिस ओपलना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पोरी, आत्ता कुठे आगीतून बाहेर आलीस, आता फुफाट्यात कशाला उडी मारतेस?" वय झालंय त्यांचं. आमच्या पिढीला असलं जमतं.

२ एप्रिल, बुधवार

रेकॉर्डिंग झालं. सगळं सुरळीत पार पडलं, हे आधीच लिहून ठेवते.

दहाला सगळे जमले. वेंडलने कागद वाटले. आमच्याकडे सूर नावाने लिहीत नाहीत, आकड्यांनी लिहितात, म्हणजे ऐन वेळी पट्टी बदलली तरी कुणाचं अडत नाही. एक, चार, पाच, एक. टायनी म्हणाला, "हे तर माझ्या बायकोलाही वाजवता येईल." ल्यूथर म्हणाला, "मग तिला पाठवायचंस."

कॉय सर्वांत शेवटी आला. उन्हाने रापलाय. नवे बूट होते. मी पाहिले, कारण स्टीलची पेडलं पायाने दाबायची असतात आणि नवा बूट कडक असतो. मला काळजी वाजवण्याची होती.

"नेल," तो म्हणाला. मला नेल म्हणणारा तो एकटाच.

"कॉय."

"गाणं कुणावर आहे म्हणे?"

"गाडीवर."

"कुठल्या?"

"तुझ्या नाही."

बाकीच्यांनी कागदात तोंडं घातली.

गाणाऱ्याने एरवी काचेच्या खोलीत एकट्याने उभं राहायचं असतं. सोळा वर्षं मी त्याच खोलीत काढली आहेत. आज मी वेंडलला म्हटलं, मला बाहेर यांच्यात उभं राहायचंय, ड्रम नीट ऐकू येतात. तो म्हणाला, "कुठेही राहा, आजचं गाणं फक्त यांना वाट दाखवायला आहे. तुझं खरं गाणं पुढच्या आठवड्यात घेऊ." टायनीच्या बाजूला वायरींचा गुंता होता, म्हणून मी या टोकाला, कॉयपासून चार हातांवर उभी राहिले. तिथून ड्रम अगदी व्यवस्थित ऐकू येत होते.

दोनदा वाजवून झालं. तिसऱ्यांदा दुसऱ्या कडव्याला, त्या 'शेजारी जागा राहते' पाशी माझा घसा खरखरला. सकाळी काही खाल्लं नव्हतं. त्या ओळीनंतर कॉयने वाजवायचं ठरलेलं, तर तोही चुकला. हात तारांवर धरून नुसता बसून राहिला आणि एक आवर्तन गेल्यावर अगदी हळू आत आला. संपलं. टायनीने टोपी काढून डोकं खाजवलं. मला वाटलं, आता वेंडल चिडणार. पण तो काचेपलीकडून म्हणाला, "झालं. जेवायला जा सगळे."

कॉय स्टीलची पेटी बंद करत होता. म्हणाला, "छान सावरलीस तू."

"केव्हाच," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेटी उचलून गेला. पेटी जड असते. पूर्वी दुसऱ्या बाजूने मी धरायची.

३ एप्रिल, गुरुवार

आज कॉयचा विचार अजिबात आला नाही. सकाळी एकदा आला, पण तो बुटांचा.

१० एप्रिल, गुरुवार

आज माझं खरं गाणं घ्यायचं होतं. काचेच्या खोलीत सकाळपासून गायले. एक सूर हलला नाही. पोटभर खाऊन गेले होते, घसा स्वच्छ होता. दर वेळी वेंडल म्हणायचा, "छान." मयताच्या घरी शेजारणीने आणून दिलेल्या जेवणाला म्हणतात ना, तसं. शेवटी मीच बाहेर आले आणि म्हटलं, काय ते बोल.

त्याने एक टेप लावली. बाई गात होती. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज असा काही अडकला की माझ्या हातावर काटा आला.

"ही कोण?" मी विचारलं.

"तू. दोन तारखेची."

"घसा खराब होता तेव्हा."

"हो. मी तोच ठेवणार आहे."

मला राग यायला हवा होता, पण ती बाई खरंच चांगली गात होती. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात ल्यूथर केबल न्यायला आला आणि सहज बोलून गेला. कॉय म्हणे, वाजवणारे जेवायला जातात त्या मासेवाल्याकडे बसून सगळ्यांना सांगत होता, 'नेलच्या गाण्यात मी दोनदा आहे, एकदा शब्दांत आणि एकदा स्टीलवर.' सगळे खूप हसले म्हणे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेंडलला म्हटलं, "काढ त्याला. आजच्या आज. त्या चौघांपैकी कुणालाही बोलाव आणि त्याच्या जागी वाजवून घे."

वेंडलने बाकी सगळी वाद्यं बंद केली आणि फक्त माझा आवाज लावला. माझ्या आवाजामागे, लांबून, कॉयचं स्टील वाजत होतं. मी त्याच्याइतकी जवळ उभी होते की माझ्या मायक्रोफोनने आम्हा दोघांनाही ऐकलं होतं.

"हे धुऊन नाही निघत?"

"नाही. याला काढायचं तर तुलाही काढावं लागेल." मग त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "ड्रम ऐकायला उभी होतीस ना? ड्रम मला यात कुठे सापडत नाही."

या वेंडलला कामाचं सोडून बाकी सगळं दिसतं.

१२ एप्रिल, शनिवार

मिस ओपलना घेऊन नाश्त्याला गेले. दोन दिवस नुसती धुमसत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"तुला काय हवंय?" त्या म्हणाल्या. "तो रेकॉर्डवरून जायला हवाय, की रेकॉर्ड हवी आहे?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही मिळत. बिस्किटं मिळतात, ती खा."

खाता खाता विचार केला. नवीन आवाजात काढलं तर सगळं स्वच्छ होईल. कॉय नसेल, कुणी हसणार नाही. आणि ते गाणं लोक ऐकतील, छान म्हणतील आणि विसरतील. सोळा वर्षं दुसऱ्यांनी माझा आवाज पुसला. पहिल्यांदा मला पुसायची पाळी आली, तर मी काय पुसणार, स्वतःचाच?

तिथूनच वेंडलला फोन लावला. म्हटलं, ठेव ते. आणि वाजवणाऱ्यांत त्याचं नाव पूर्ण घाल, कॉय स्टॅम्पर, कुठेही लपवू नकोस. फिरू दे सांगत. माझ्या आवाजात तो मागे आहे. पुढे मी आहे.

मिस ओपलनी माझं शेवटचं बिस्किट खाल्लं आणि म्हणाल्या, "आत्ता कुठे तू बरी बोललीस."

२० मे, मंगळवार

अलाबामा. गाणं रेडिओवर लागावं म्हणून गावोगाव स्टेशनं हिंडतोय. मी, गिटार, आणि प्रत्येक ठिकाणी डोनटचं खोकं. बैठकीच्या खोलीत उभं राहून गायचं, समोर साहेब सॅलड खात असतात. आज एकाने माझ्या अख्ख्या गाण्यात मान वर केली नाही आणि शेवटी म्हणाला, शुक्रवारपासून लावतो. सॅलड चांगलं असावं.

निघताना दारापाशी बसणाऱ्या बाईंनी हात धरला. साठीच्या असतील, गळ्यात चष्म्याची साखळी. "अगं, ती शेजारी जागा ठेवते ना," त्या म्हणाल्या, "ती कुणासाठी?"

"यमकासाठी," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात थोपटला आणि एक डोनट कागदात बांधून दिला. परवा जॉर्जियात पेट्रोल भरताना एका ट्रकवाल्यानेही हेच विचारलं. यमक म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगायची सोय नाही.

गाणं देशभरच्या यादीत चाळिसाव्या जागेवर आहे. वेंडल फोनवर शांतपणे बोलत होता, म्हणजे तो खूप खूश आहे.

८ जून, रविवार

तीन दिवस घरी. स्वयंपाकघर पिवळं रंगवलं. टेबल खिडकीपाशी ओढलं, इतकी वर्षं ते भिंतीला का होतं कोण जाणे. कॉफीचं यंत्र घेतलं, जुन्यापेक्षा चांगलं आहे. गाणं एकतिसावर. आता माझ्याबरोबर स्टीलला मर्ना म्हणून मुलगी असते. केंटकीतल्या पडूकाची आहे, चोवीस वर्षांची, गाडीत एक मिनिट गप्प बसत नाही, पण वाजवायला बसली की कमी वाजवते. तिला तिच्या काकांनी शिकवलं. काकाही असेच बडबडे होते म्हणे.

काल दुपारी झाडाखाली खुर्ची टाकून झोपले. उठले तेव्हा गालावर खुर्चीच्या पट्ट्या उमटल्या होत्या आणि मर्ना मला हसत होती.

१ जुलै, मंगळवार

आईचा फोन. "कॉयचा वाढदिवस होऊन गेला. काही बोललीस का त्याच्याशी?"

शुक्रवारी होता. शुक्रवारी आम्ही आर्कन्सॉत रस्ता चुकलो आणि शेवटी एका मोटेलच्या तलावात पोहलो. खूप मजा आली. आईला नसती उठाठेव.

वेगळीच काळजी लागली आहे. गाणं चोविसावर आलंय, लोक शब्द माझ्याबरोबर म्हणतात, आणि त्या ओळीला पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसतात. शनिवारी त्या डोळे पुसत होत्या तेव्हा मी मनात ठरवत होते, रात्री भेंडी तळलेली घ्यावी की नको. पूर्वी घसा आपोआप अडकायचा. आता तिथे खरखर मुद्दाम आणावी लागते. ते मला येतं, नमुन्याच्या टेपांत ते वर्षानुवर्षं केलंय. पण हे लोक पैसे मोजून खरं ऐकायला येतात. मी ढोंगी झाले की काय? या गाण्याने मला इतकं दिलं आणि मी त्याला भेंडी देते.

मिस ओपलना फोन केला. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. भेंडी घेतलीस का मग?"

"घेतली."

"कशी होती?"

"चांगली होती. पण मिस ओपल, मी काय विचारते—"

"चांगली होती ना," त्या म्हणाल्या, "झालं तर मग." आणि फोन ठेवला. त्यांना आता विचारायची सोयच राहिली नाही.

२६ जुलै, शनिवार

आज केंटकीत आमच्या जिल्ह्याची जत्रा. मी इथे लहानपणी डुकरांच्या शर्यतीला यायची. या वर्षी माझं नाव फलकावर, डुकरांच्या वर. आईने दुपारीच घडीची खुर्ची आणून पहिल्या रांगेत मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली, ही माझी.

चारच्या सुमाराला मी स्टेजमागे गिटारच्या तारा लावत होते. वर पाहिलं तर कॉय.

"नेल."

"तू इकडे कुठे?"

"तुझ्याकडेच आलोय." तो उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. थकलेला दिसत होता. आधी इकडचं तिकडचं बोलला, हवा, रस्ते, टायनीची पाठ. मग म्हणाला, "टेक्ससमध्ये ट्रक चालवत होतो. रेडिओवर लागलं. मी गाडी बाजूला घेतली."

"का? वाजवताना चुकलास ते ऐकू आलं?"

"चुकलो नव्हतो." तो जमिनीकडे पाहत होता. "तू सावरली नव्हतीस, नेल. सगळ्या गावाला सांगत होतीस सावरलीस म्हणून, पण मी तुझ्यापासून चार हातांवर होतो. त्या ओळीला माझा हातच उठला नाही. त्या दिवशी मी एक शब्द बोललो असतो, तर तू माझ्याबरोबर निघाली असतीस."

काहीतरी टाकून बोलणार होते, ते सोडून हातातलं गिटार खाली ठेवलं. ते गाणं मी इतक्या गावांत गायले, पण दोन तारखेची ती बाई माझ्या कानात आज पहिल्यांदा नीट वाजली. अलाबामाच्या त्या बाईंना ऐकू आलं. ट्रकवाल्याला आलं. वेंडलला, मिस ओपलना, बहुतेक आईलासुद्धा. मला एकटीलाच आलं नव्हतं. कॉय खरं बोलत होता. मी निघाले असते. स्टीलची पेटी दुसऱ्या बाजूने धरून निघाले असते.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"टेप चालू होती. गाणं बिघडलं असतं."

हे मात्र मला लगेच पटलं. त्याच्या जागी मीही गप्पच बसले असते.

"आणि नंतर?"

"नंतर तू म्हणालीस, केव्हाच सावरले." त्याने मान वर केली. "आता बोलतोय. पुन्हा एकत्र राहू या, नेल. मासेवाल्याकडे मी जे बोललो ते मूर्खासारखं बोललो. मला करमत नाही."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. वाट पाहिली, आत काही हलतंय का. कॉय वाईट माणूस नाही, आणि नऊ वर्षं काही थोडी नसतात. त्याला इतक्या लांबून यावं लागलं याचं मला खरंच वाईट वाटलं. तेवढंच वाटलं. बाकी भूक लागली होती.

"ती आली असती, कॉय," मी म्हटलं. "पण ती आता त्या टेपवरच आहे. तिला भेटायचं असेल तर रेडिओ लाव. माझ्याकडे ती नाही."

तो हसायला गेला आणि थांबला. "गेली कुठे?"

"मलाही कळलं नाही. बहुतेक मे महिन्यात, अलाबामात कुठेतरी उतरली."

तिकडे डुकरांची शर्यत सुरू झाली, लोक ओरडत होते. मर्ना तिचं स्टील घेऊन आली, कॉयला पाहून आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली, आणि पेटी स्टेजवर चढवायला लागली. कॉय उठला आणि त्याने दुसरी बाजू धरली.

"कशी वाजवते?" खाली आल्यावर त्याने मला विचारलं.

"तुझ्यापेक्षा कमी."

"कमी वाजवणं कठीण असतं."

"तिला माहीत आहे ते," मी म्हटलं.

ऊन कलल्यावर गायला उभी राहिले. ती ओळ आली तेव्हा मला ती बाई दिसली, वायरींच्या गुंत्याचं निमित्त करून नको त्या टोकाला उभी, ड्रम छान ऐकू येतात म्हणणारी, उपाशी, आणि आपण जिंकलो म्हणून किती खात्रीत. तिला कुणी काही सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. सगळ्यांत चांगलं तीच गायली होती. आज ते गाणं मी तिच्यासाठी म्हटलं. खरखर आणावी लागली नाही, ती आपली आली. आई डोळे पुसत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, धूळ फार आहे इथे.

नंतर आम्ही सगळे तळलेले मासे खायला गेलो. कॉयलाही मी चल म्हटलं होतं, पण त्याला लांब जायचं होतं.